रस

पहाटे साडेपाचला आडगाव नाक्यावर
पॅकहाऊसची गाडी येते.
त्याआधी मी बोट टोचून घेते,
पट्टीवर थेंब ठेवते, मशीनकडे बघत थांबते.
दोनशे चौऱ्याऐंशी.
काल दोनशे एकाहत्तर. परवा मोजलीच नाही.
पट्ट्या संपत आल्यात, असं तेजलला सांगितलं.
खरं तर आकडा बघावासाच वाटला नाही.

सातला पिंपळगावात. पांढरा कोट, डोक्याला जाळी.
क्रेटमधून मणी घ्यायचा, चिमटीत दाबायचा,
काचेवर थेंब, वर झाकण,
नळी डोळ्याला लावून तोंड खिडकीकडे.
निळं संपून पांढरं जिथे सुरू होतं
तो आकडा वहीत लिहायचा.
अठरा आला की सुपरवायझर म्हणतो,
"साखर भरली!"
आणि सगळ्या शेडला आनंद होतो.

माझी भरली त्याला चार वर्षं झाली.

पूर्वी मोजून झालेला मणी मी तोंडात टाकायचे.
आता नळीतूनच बघते गोडी,
आणि खोटं कशाला बोलू,
मना केलंय म्हणून नव्हे.
एकदा चोरून खाल्ला होता.
पाणी लागलं नुसतं.

सासूबाई म्हणतात, आळस.
जाऊबाई म्हणतात, कारलं.
डॉक्टर मान वर न करता म्हणतात, चाला.
चाला, सगळेच म्हणतात.
अंथरुणातून पाय खाली कसा टाकायचा
ते कुणाच्या चिठ्ठीवर नसतं.
रविवारी दुपारी धुतलेल्या कपड्यांपाशी बसले,
मांडीवर एक टॉवेल घेतला.
दिवे लागले तेव्हा
टॉवेल मांडीवरच होता.
ह्यांनी विचारलं, "साखर वाढली का?"
मी म्हटलं, हो.
तेवढंच एक सांगता येतं या घरात.

तीन महिन्यांची साखर एका नळीभर रक्तात कळते.
तीन महिन्यांचे हे रविवार
कुठल्या लॅबमध्ये द्यायचे?

काल त्र्यंबक नाक्याला, सिव्हिलमध्ये,
गोळ्यांच्या रांगेत एक मुलगी भेटली.
छातीवर बिल्ला, पल्लवी धात्रक,
हातात फॉर्म, पेनाचं टोपण दातात.
"मावशी, गेल्या दोन आठवड्यांत
कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं?"

मला हसूच फुटलं. रस!
अगं बाई, रोज दोनशे मण्यांचा रस बघते मी,
दोन्ही डोळे चुरचुरेपर्यंत.
ती हसली नाही. पेन तसंच धरून थांबली.
मागची बाई म्हणाली, आटपा.
तरी ती थांबलीच.

"साखरेच्या रांगेत हे कशाला विचारता?"
"साखरवाल्यांना खूप जणांना होतं, मावशी.
तुम्ही काही चुकलात म्हणून नाही."

चार उत्तरं होती.
मुळीच नाही. काही दिवस.
अर्ध्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.
जीभ सवयीने "काही दिवस"कडे वळली.
मग आठवलं, शेडमध्ये सकाळी
पहिला थेंब द्राक्षाचा नसतो, साध्या पाण्याचा असतो.
काटा शून्यावर आणावा लागतो आधी.
तो चुकला
तर दिवसभराची वही खोटी.

"जवळजवळ रोज," मी म्हटलं.
आवाज माझाच होता, पण फार खालून आला.
तिने खूण केली. पुढची आठ विचारली.
एका प्रश्नाला मी बराच वेळ
समोरच्या भिंतीवरचं पालीचं शेपूट बघत होते.
त्याचंही खरं सांगितलं.

गुरुवारी वरच्या मजल्यावर बोलावलंय, खोली अकरा.
घरी अजून कुणाला सांगितलं नाही.
निमाणीवरून बसने आले, खिडकीशी,
बोटाचं टोचलेलं टोक दुसऱ्या बोटाने दाबत.

आज एका टॉवेलची घडी झाली.
बाकीचा ढीग पलंगावरच आहे.